टेपवर राहिलेली अकरा मिनिटं

मिलिंद,

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. ड्राइव्हच्या बाबतीत मी बरोबर होते. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. माणूस गेला की त्याचं सगळं म्हणणं लोकांना एकदम पटायला लागतं. मला ते जमणार नाही, आणि जमवलं तरी तुला आवडणार नाही. मागच्या पिढीचे दोन वापरलेले टेप ड्राइव्ह घेण्याऐवजी आपण एक नवा, वॉरंटीवाला घ्यायला हवा होता. 'पहिला बिघडला तर दुसरा हवा' म्हणून तू ब्राउनश्वाइगपर्यंत गाडी हाकत गेलास, तो दुसरा ड्राइव्ह पुढच्या सीटवर बसवून, त्याला बेल्ट लावून आणलास, आणि महिन्याभरात बिघडला तो दुसराच. पहिला अजून ठणठणीत आहे. त्यावर तू काय म्हणालास, तर "बघ अनघा, म्हणूनच दोन घ्यायचे असतात." अशा माणसाशी वाद कसा घालायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तरी नऊ वर्षं घातला. ब्योब्लिंगेनच्या आपल्या ऑफिसात तू तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळायचास, मी चौथ्या मजल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. कँटीनच्या रांगेत गाठ पडली तीच भांडणाने. मी पुण्याची, कोथरूडची, म्हणून रीतसर 'तुम्ही'ने सुरुवात केली. तू तुमसरजवळच्या खेड्यातला, तुला असल्या रीतीभातींना वेळ नव्हता. पाचव्या मिनिटाला तू मला सांगितलंस की बॅकअपबद्दल माझी समजूत साफ चुकीची आहे. मी 'तू'वर आले ती तिथेच, ट्रे हातात धरून.

मग तू मला तुमच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, ओढलंस. स्टुटगार्टच्या आसपासची पंचवीसेक मराठी बौद्ध कुटुंबं, भाड्याचा एक हॉल, एप्रिलमधली जयंती, ऑक्टोबरमधला धम्मचक्र दिन, आणि दर कार्यक्रमाला ऐनवेळी दगा देणारा प्रोजेक्टर. मला बोलावलं होतं प्रोजेक्टर बघायला. प्रोजेक्टर काही सुधारला नाही, पण मी राहिले.

तिथेच एका दुपारी चहा पिताना तुझ्या डोक्यात ती कल्पना आली. आपल्या सगळ्यांचे आईवडील इथे येतात ते तीन महिन्यांच्या व्हिसावर. पहिला महिना कौतुकात जातो. दुसऱ्यात सगळं बघून होतं. तिसऱ्यात मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं आपसात जर्मन बोलतात, आणि म्हातारा माणूस खिडकीशी बसून परतीच्या विमानाचे दिवस मोजतो. तू म्हणालास, "तो तिसरा महिना आपला." त्या महिन्यात त्यांच्याकडे जायचं, कॅमेरा लावायचा, आणि त्यांना त्यांचं आयुष्य विचारायचं. शाळा कशी होती, पाणी कुठून आणायचे, पहिला पगार कुणाच्या हातात दिला. देशात असताना त्यांना हे कुणी विचारत नाही, कारण तिथे सगळे घाईत असतात आणि सगळ्यांना वाटतं, हे काय, माहीतच आहे.

तुझ्यासारखं विचारायला मला कधीच आलं नाही. मी उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचे. तू टाकायचा नाहीस. समोरचा माणूस बोलायचा थांबला की तू नुसता बसून राहायचास, इतका वेळ की कॅमेऱ्यामागे मला अवघडायला व्हायचं. आणि मग तो माणूस जे बोलायचा ते खरं. ऑफिसच्या मीटिंगमध्येही आता मी तशी गप्प बसते. लोकांना वाटतं मी फार विचारी झालेय. ते तुझं आहे, आणि त्याबद्दल जिवंतपणी मी तुला एकदाही बरं म्हटलं नाही.

रेकॉर्डिंगं वाढत गेली आणि ती तू सुजातावहिनींच्या बुटांच्या खोक्यात साध्या हार्ड डिस्कवर ठेवत होतास. मग एक डिस्क गेली. शिंदेकाका अकोल्याला परत गेले आणि दोन महिन्यांत वारले, त्यांच्या मुलाने आपल्याकडे वडिलांचं रेकॉर्डिंग मागितलं, तू डिस्क लावलीस आणि ती नुसती टकटक करत राहिली. दुरुस्तीवाल्यांनीही हात टेकले. तू त्या मुलाला सांगायला स्वतः त्याच्या घरी गेलास. परत आलास तेव्हा तुझं तोंड इतकं उतरलं होतं की मी नेहमीचं काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तू फक्त म्हणालास, "टेप." मला वाटलं तू कॅसेट म्हणतोयस; तू म्हणत होतास कॉम्प्युटरचा डेटा साठवायची टेप.

क्लाउड तुला नको होता. "आपले आईबाप दुसऱ्याच्या घरी ठेवायचे नाहीत," म्हणालास. टेप कपाटात पडून राहते, तिला वीज लागत नाही, ती कुणाला फोन करत नाही, हे तुझं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं, फक्त मी तसं दाखवलं नाही. पण टेप घ्यायची म्हटल्यावर खरी जुंपली. कुठल्या पिढीची? नवा ड्राइव्ह जुन्या टेपा फार मागपर्यंत वाचत नाही, मग आज जे घेऊ ते दहा वर्षांनी वाचणार कोण? मी म्हणत होते, सगळ्यात नवी पिढी घे. तू म्हणत होतास, जिचे ड्राइव्ह सेकंडहँड बाजारात ढिगाने मिळतात ती घे, कारण टेप तीस वर्षं टिकेल पण यंत्र टिकणार नाही. जिंकलास तू, आणि मग ते ब्राउनश्वाइगचं बाळ आलं. बाळ आपल्या वॉशिंग मशीनपेक्षा जास्त आवाज करतं म्हणून वहिनींनी ते तिघांच्या, म्हणजे तुझ्या, त्यांच्या आणि तुमच्या लेकीच्या, मित्राच्या, घरातून थेट खाली केलरमध्ये, तळघरात, हलवलं. टेपा मात्र वर, बेडरूमच्या कपाटात. केलरमध्ये एकदा पाणी शिरलेलं तू विसरला नव्हतास.

सॉफ्टवेअरवरून तर आपण दोन महिने भांडलो. मला ते कॅटलॉगवालं हवं होतं. नाव टाका, गाव टाका, 'विहीर' असा शब्द टाका, की कुठल्या टेपवर कुठे आहे ते छोट्या चित्रासकट समोर येतं. तुला ते बघूनच राग आला. "आणि ही कंपनी बुडाली तर? यांनी लायसन्स बंद केलं तर? टेप हातात, आणि उघडायची किल्ली दुसऱ्याकडे?" तुला टार हवं होतं, आपल्या दोघांच्या जन्माच्या आसपासचं, फुकट, एका ओळीच्या कमांडवर चालणारं, कुठल्याही लिनक्स मशीनवर उघडणारं. त्याला ना चित्रं ना शोध, नुसती फायलींची यादी. मी म्हटलं, "मिलिंद, लोकांना सापडलंच नाही तर ठेवून उपयोग काय?" तू म्हणालास, "आणि उघडलंच नाही तर सापडून उपयोग काय?" दोघंही आपापल्या जागी बसून राहिलो.

शेवटी वहिनींनीच निकाल लावला. "दोन प्रती करणारच आहात ना? मग एक हिच्या पद्धतीने करा, एक ह्यांच्या. आणि मला आता ताटं घेऊ द्या." इतकं साधं होतं. दोन इंजिनियरांना दोन महिन्यांत सुचलं नाही.

तरी तुझा एक हट्ट उरलाच. तुझी प्रत एकदाच लिहिता येणाऱ्या टेपवर. त्या टेपवर एकदा गेलेलं काही पुसता येत नाही, बदलता येत नाही, मालकालाही नाही. मी कपाळावर हात मारला. इथे जर्मनीत उठता-बसता डाटेनशुट्झ, खासगी माहिती जपायचे नियम, प्रत्येक रेकॉर्डिंगआधी तू स्वतः दोन भाषांत छापलेला संमतीचा फॉर्म सही करून घेतोस, त्यात लिहिलंय की मनात आलं तर रेकॉर्डिंग काढून टाकता येईल. मग पुसता न येणारी टेप कशाला? तू म्हणालास, "काढता येईल की. ती टेप तोडायची, आणि तेवढं वगळून दुसरी लिहायची. मेहनत पडली पाहिजे. पुसणं सोपं असलं की माणसं पुसत सुटतात." यावर मी तुला हेकट म्हटलं होतं. ते मी मागे घेत नाही.

आणि तुझी ती चिठ्ठी. प्रत्येक टेपच्या डबीत एक. वर नाव, गाव, तारीख. खाली दोन ओळी, 'लिहिली' आणि 'वाचली', दोन्हींपुढे सही. लिहिणारा आणि वाचणारा एकच असता कामा नये. ऑफिसात याला चार डोळ्यांचा नियम म्हणतात, तू तो घरी घेऊन आलास. मी एका शनिवारी लिहायचे, तू पुढच्या शनिवारी ती टेप सबंध परत वाचून, एकेक फाईल ताडून बघायचास. वाचून बघितली नाही तोवर तिला प्रत म्हणायचंच नाही. 'वाचली'पुढे तुझी ती तिरकी सही पडली की मगच मूळ डिस्क मोकळी करायची. फेराइनमधले लोक हसायचे. तू हसू द्यायचास.

आता जे सांगायचंय ते सांगते. एवढा वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतेय.

मे महिन्यातला शकुंतलाबाईंचा दिवस आठव. झिंडेलफिंगेनला मुलाकडे आलेल्या, अकोल्याकडच्या. पांढरी साडी, पायात मुलाचे लोकरी मोजे. चाळिसाव्या वर्षी मुलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले हे सांगताना त्यांनी टेबलावर बोटाने 'श' काढून दाखवला होता. तू नेहमीसारखा गप्प बसला होतास, त्या पुढे काही बोलतील म्हणून. त्या बोलल्या, पण भलतंच. म्हणाल्या, "सगळ्याईच्या मायबापाले बोलतं करतं तू. तुयी माय काहून नाही आली रे इथं?"

मला वाटलं तू हसून टाळशील. तू टाळलं नाहीस. अकरा मिनिटं बोललास. मी तुला नऊ वर्षं ओळखत होते आणि त्यातलं एक वाक्यही मला माहीत नव्हतं. माय विड्या वळायची, तिच्या बोटांना तेंदूच्या पानाचा वास असायचा, तो साबणाने जायचा नाही. तू तिचा पासपोर्ट काढला होतास. फोटोसाठी तिने शेजारणीची साडी नेसली होती. दरवर्षी तू तिला म्हणायचास, पुढच्या उन्हाळ्यात. एका वर्षी घर लहान होतं. एका वर्षी मित्राची शाळा बदलायची होती. एका वर्षी सुजाताची जर्मनची परीक्षा. एका वर्षी केलरमध्ये पाणी शिरलं. "एकेक कारण खरं होतं, मावशी. पण सगळी मिळून एवढंच उरतं की मी तिला आणलं नाही. ती गेली तेव्हा तिचा पासपोर्ट कोरा होता. एक शिक्का नव्हता त्यात. आणि मी लोकांच्या आयांना विचारत फिरतो, तुम्ही कशा जगलात." शकुंतलाबाईंनी तुझा हात धरला.

परत येताना गाडीत तू म्हणालास, "तेवढं काढून टाक. त्यांचं रेकॉर्डिंग आहे, त्यात माझं रडगाणं नको." मी म्हटलं, "काढते." पुढच्या सिग्नलला तू परत म्हणालास, "नक्की काढ हं. मित्राच्या कानावर कधी पडायला नको." मी म्हटलं, "नक्की, गेनाऊ, काढते म्हटलं ना."

आणि मी काढलंही. माझ्या कॅटलॉगवाल्या प्रतीतून नीट, सफाईने काढलं. पण तुझी प्रत लिहायच्या शनिवारी मला दुपारी लवकर निघायचं होतं, आणि त्या घाईत मी कापलेल्या फोल्डरऐवजी मूळ फोल्डर उचलला. टेप लिहून झाली, यादी छापली, शेवटच्या फाईलचा आकार पाहिला, तर तो कापण्याआधीचा होता. पुसता न येणाऱ्या टेपवर, तुझ्याच हट्टाच्या टेपवर, मी तुझी अकरा मिनिटं कायमची लिहून ठेवली होती. मग मी अजून एक शहाणपणा केला. निदान सांगितल्यातलं अर्धं तरी व्हावं म्हणून, तुझा नियम मोडून, कामाच्या डिस्कवरची मूळ फाईल पुसली. चिठ्ठीवर 'लिहिली'पुढे सही केली, टेप कपाटात ठेवली आणि मूग गिळून घरी गेले.

पुढच्या शनिवारी तू ती वाचणार होतास, आणि वाचताना तुला ते दिसल्याशिवाय राहिलं नसतं. त्याआधी आपणच सांगायचं असं मी ठरवलं होतं. शुक्रवारी, कँटीनमध्ये, तू जेवून झाल्यावर, कारण उपाशीपोटी तू फार चिडायचास. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात तू बसलास तो उठलाच नाहीस.

हॉलमध्ये सगळे त्रिसरण म्हणत होते आणि मी तुझ्या फोटोकडे बघत मनात एकच वाक्य घोळवत होते, मिलिंद, मी काढलं नाही. मला तुझी आठवण येते हे सांगायची काही गरज नाही, पण सांगते. कँटीनच्या रांगेत माझं मत कुणी खोडून काढत नाही. मी चुकीचंसुद्धा बोलून बघितलं. लोक मान डोलावतात. फार एकटं वाटतं रे.

पण रडत बसले नाही. फेराइनची कागदपत्रं बघणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत, मिलिंदची स्वतःची नाही. त्याने कधी स्वतःचा फॉर्म भरलाच नाही. आता ठेवायचं असेल तर घरच्यांनी सही करावी, नाहीतर ते काढावं. म्हणजे घोडं अडलं ते तुझ्याच नियमापाशी. टेप तोडून नवी लिहिणं मला एका दुपारचं काम होतं, शकुंतलाबाईंचा शब्दही गेला नसता. गेलं असतं ते फक्त तुझं, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती. तुला शब्द दिला होता तो पाळायचा, का तुझा आवाज ठेवायचा, हे मी एकटीने ठरवणं बरोबर नव्हतं. परवा शनिवारी दोन कोरे फॉर्म पिशवीत घातले आणि तुझ्या घरी गेले.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, चुकीसकट, फाईल पुसण्यासकट. तू काय बोललास ते मात्र सांगितलं नाही, फक्त आईंबद्दल आहे एवढंच. त्यांनी गॅस बारीक केला.

"ह्यांनी काढायला सांगितलं होतं ना?"

"हो. दोनदा."

"मग काढ. तुझ्यावर सोपवलं होतं ना त्यांनी."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. तरी मी म्हटलं, "वहिनी, तोडायच्या आधी एकदा ऐका. नंतर ऐकता येणार नाही. तो असता तर त्याची समजूत मी घातली असती. आता ते तुमच्या हातात आहे."

दारात मित्रा उभी होती. सोळा वर्षांची झाली, तुझ्याएवढी उंच दिसायला लागलीय. सगळं ऐकलं होतं तिने. तिने आईला विचारलं, "मामा, वास फ्युअर एल्फ मिनूटेन?" कुठली अकरा मिनिटं? वहिनींनी गॅस बंद केला. मित्राने कपाटातून टेप काढली आणि आमच्या आधी जिना उतरायला लागली.

केलरमध्ये तुझी खुर्ची तशीच होती. भिंतीवर तुझ्या अक्षरातला कागद, टेप उघडायची ती एक ओळ. मी तीच टाइप केली. टेप आत गेली, घरघरली, बराच वेळ पुढे पळत राहिली. माझ्या देखण्या कॅटलॉगला या टेपचा पत्ताही नव्हता. तुझ्या यादीत मात्र ती फाईल गावाच्या नावासकट होती, आणि उघडली. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तू बरोबर होतास. हे मी एकदाच म्हणणार आहे, नीट ऐकून घे.

मग तुझा आवाज आला. त्या लहान खोलीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये, तुझा आवाज. मित्रा स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की मला काही दिसेना. कॅमेऱ्यात तू नाहीसच, शकुंतलाबाईंचा चेहरा आहे, आणि त्या तुझ्याकडे बघतायत. तू विड्यांचं सांगितलंस, साडीचं सांगितलंस, दर उन्हाळ्याचं सांगितलंस. कोऱ्या पासपोर्टपाशी तुझा आवाज फाटला तेव्हा मी वहिनींकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

संपल्यावर मित्रा म्हणाली, "नोखमाल." परत लाव. मी परत लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती जमिनीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. मग आईकडे वळून म्हणाली, "दास ब्लाइब्ट." हे राहणार. विचारत नव्हती, सांगत होती. हेका तर थेट तुझाच उचललाय.

वहिनी उभ्याच होत्या. एका हाताने त्यांनी चादरीचं टोक धरलं होतं आणि ते सोडत नव्हत्या. मला वाटलं त्या आता म्हणणार, तोड. मी तयारी केली होती. तुझा शब्द होता, त्यांचा हक्क होता, मी तोडली असती. त्या म्हणाल्या, "हे असं मनात घेऊन होते?" मी म्हटलं, "हो." "इतकी वर्षं?" मी तुझ्यासारखी गप्प राहिले, कारण त्यांचं अजून काही यायचं होतं.

"फॉर्म आणलेस ना?" त्या म्हणाल्या. "दोन्ही दे. आणि कॅमेरा घेऊन ये."

पहिल्या फॉर्मवर तुझं नाव घातलं आणि खाली सही केली. दुसऱ्यावर स्वतःचं नाव घातलं. मी वरून कॅमेरा आणला, स्टँड उघडला, माइक त्यांच्या पदराला लावला. त्यांना तुझ्या खुर्चीवर बसवलं आणि तू सगळ्यांना सांगायचास तसं सांगितलं, "वहिनी, माझ्याकडे बघून बोला. लेन्सकडे बघायचं नाही." दिवा लाल झाला. मी पहिला प्रश्न विचारणार तोच त्यांनी मला हाताने थांबवलं आणि सरळ लेन्सकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आईंना यायचंच नव्हतं. दर वर्षी उन्हाळा जवळ आला की मला फोन करायच्या. 'मले नाही करमणार तिथं, पण पोराले नाही म्हनवत नाही. तूच काही कारण काढ बाई.' तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. केलरमध्ये पाणी शिरलं तेवढं खरं. बाकीची सगळी कारणं मी काढली."